धाकटीने लिहिलेला अडतीस

७ जानेवारी

आज सकाळी वेधशाळेतून फोन आला. मला निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. त्यातल्या एकाही वर्षी तिथल्या कुणाला माझी आठवण झालेली नव्हती. निरोप समारंभात दिलेलं घड्याळ चौथ्या महिन्यात बंद पडलं, ते सुद्धा कुणाला कळवावंसं वाटलं नाही.

फोनवर एक मुलगी होती. संशोधक आहे म्हणाली, आवाजावरून शाळेतली वाटली. चौतीस वर्षं काचा मोजणाऱ्या बाई त्या तुम्हीच का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मीच, आणि अजून आहे. ती हसली. म्हणजे डोक्याने बरी असावी.

तिला आमच्या जुन्या वह्या सापडल्या आहेत. आमच्या काळी दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काचेवर घ्यायचे आणि काचेवरच्या ठिपक्यांचं तेज आम्ही भिंगातून डोळ्यांनी मोजायचो. तिला त्यातली एकच वस्तू हवी आहे. ती भोवऱ्यासारखी दीर्घिका. मोरीत पाणी गोल फिरत जाळीत उतरतं तसे दोन बाहू, आणि जाळी असते तिथे एक ठिपका. त्या ठिपक्याकडे मी जेवढा वेळ बघितलं तेवढा वेळ नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं नसेल. तो बिचारा आता तक्रार करायला नाही.

परवा भेटायला येणार आहे. फोन ठेवता ठेवता विचारते, तुमच्याबरोबर दुसऱ्या एक बाई मोजायच्या ना, त्यांचा पत्ता मिळेल का?

दुसऱ्या बाई म्हणजे माझी धाकटी बहीण. शोधून ठेवते म्हणून सांगितलं. धाकटी समोरच्या गल्लीत राहते.

९ जानेवारी

मुलगी येऊन गेली. कपाळावर झुलपं कापलेली आहेत, बोलताना ती फुंकर मारून उडवते. मनातल्या मनात तिचं नाव झुलपेवाली ठेवलं. चहा दोन कप प्यायली, बिस्किटं भिजवून खाल्ली. आमच्या कॉन्व्हेंटात बिस्किट भिजवलं तर मदर जेवणघराबाहेर उभं करायच्या. मी डबा तिच्याकडे सरकवला.

तिने सांगितलं ते मला जमेल तसं लिहून ठेवते. आमची दीर्घिका शांत नाही. तिचं केंद्र सक्रिय आहे. मध्यभागी एक अवाढव्य कृष्णविवर आहे, आजूबाजूचा वायू त्यात ओढला जातो आणि पडता पडता तापून झळाळतो. कधी जास्त पडतो, कधी कमी, म्हणून मधला ठिपका कधी भडकतो, कधी मंदावतो, तेही महिन्याभरात. आता यंत्रांनी हे रोज दिसतं. प्रश्न असा की एकेचाळीस वर्षांपूर्वीही ते केंद्र असंच जागं होतं, की तेव्हा झोपलेलं होतं आणि नंतर कधी तरी जागं झालं? जागं होताना कुणी पकडलं तर मोठीच गोष्ट म्हणे.

मी म्हटलं, काचा बघा की. तर तिने सांगितलं, त्या राहिल्याच नाहीत. तळघरात पाणी शिरलं तेव्हा नेमक्या त्या दोन वर्षांच्या काचा भिजल्या. वरचा फोटोचा थर सुटून गेला, नुसत्या खिडकीच्या काचा उरल्या. मला कुणी कळवलंसुद्धा नाही. माझ्या माहेरचं घर पाडलं तेव्हाही एवढं वाईट वाटलं नव्हतं.

तेव्हा आता उरल्या फक्त वह्या. त्या दोन वर्षांत एकेक काच दोन माणसं वेगवेगळी मोजत होती, सकाळी मी आणि दुपारी धाकटी. दोन वह्या, आणि दोन्हींचं एकमेकींशी जमत नाही. माझ्या वहीत केंद्र शांत आहे. तिच्या वहीत ते उड्या मारतंय.

"म्हणजे एक वही खरी आणि एक चुकीची," झुलपेवाली म्हणाली. "कुठली ते मला ठरवायचंय."

यात ठरवायचं काय आहे ते मला समजलं नाही. ते आमच्या साहेबांनी तेव्हाच ठरवलं होतं.

१२ जानेवारी

झुलपेवाली धाकटीकडे जाऊन आली. तिथे तीन तास बसली. माझ्याकडे दीड.

मी मॅडम आहे. धाकटी दहा मिनिटांत मावशी झाली. हे मला धाकटीनेच फोन करून कौतुकाने सांगितलं, "अगं ताई, किती लाघवी पोर आहे." लाघवी. माझ्याकडे येऊन तिने फक्त बिस्किटं बुडवली.

हे लहानपणापासून असंच आहे. परीक्षेत नंबर माझा यायचा आणि पाहुणे मांडीवर घ्यायचे हिला. माझी स्वतःची लेक, जिला मी नऊ महिने पोटात वागवलं, ती काही झालं की आधी मावशीला फोन करते. मला बातम्या मावशीकडून कळतात. जावई नोकरी बदलतोय हे मला शिळं होऊन मिळालं.

आणि वेधशाळेतही तेच. हिला तिथे चिकटवली कुणी? मी. साहेबांपुढे उभं राहून, बहीण आहे, हुशार आहे, असं सांगितलं. दोन वर्षांत हिचे आकडे असे काही नाचायला लागले की साहेबांनी हिला काढून प्रेक्षक दालनात टाकली, शाळेच्या सहली येतात तिथे. शिक्षा म्हणून टाकली. तर बाईसाहेबांनी तिथे पुढची तीस वर्षं अशी काही गाजवली की लोक वेधशाळेत यायचे ते हिचं ऐकायला. मी आत अंधाऱ्या खोलीत भिंगाला डोळा लावून, आणि बाहेरून शंभर पोरांच्या हसण्याचा आवाज. पोरं मोठी होऊन स्वतःची पोरं घेऊन यायची. माझ्या चौतीस वर्षांत भिंगाने मला कधी भेटकार्ड पाठवलं नाही.

जिला एक ठिपका धड मोजता आला नाही तिने जगाला दीर्घिका समजावून सांगाव्यात. असो.

१६ जानेवारी

वेधशाळेत जाऊन आले. मोजणीची खोली आता मीटिंगची झाली आहे, जिथे माझं टेबल होतं तिथे कॉफीचं यंत्र ठेवलंय. झुलपेवालीने दोन्ही वह्या टेबलावर उघडून ठेवल्या होत्या.

माझी वही बघून मलाच भरून आलं. काय अक्षर. मदर म्हणायच्या, अक्षर तिरकं ते मन तिरकं. एक खाडाखोड नाही. पंचवीस, चोवीस, पंचवीस, पंचवीस, सव्वीस. साहेब म्हणायचे, तुमच्या आकड्यांना इस्त्री केलेली असते. चौतीस वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे हे वाक्य.

धाकटीची वही म्हणजे पोरखेळ. पंचवीस, एकोणतीस, तेवीस, तेहतीस. मग एकोणीस नोव्हेंबर, अडतीस. मग परत एकतीस.

हे आकडे काय ते झुलपेवालीला मला समजावून द्यावं लागलं, कारण आता कुणाला येत नाही. दीर्घिकेच्या शेजारी चार तारे आम्ही पायऱ्यांसारखे नेमले होते. सगळ्यात मंद तो दहा, मग वीस, तीस, आणि सगळ्यात तेजस्वी तो चाळीस. मधला ठिपका कुठल्या दोन पायऱ्यांच्या मध्ये बसतो ते डोळ्यांनी ठरवायचं. तीसच्या किंचित खाली असेल तर अठ्ठावीस. फार तर दोनाचा फरक पडावा. सव्वीस आणि अडतीस यांत फरक म्हणजे एकीला मांजर दिसलं आणि दुसरीला म्हैस.

मग तिने वहीला लटकणारी पुठ्ठ्याची पट्टी उचलून विचारलं, ही कशाला? मी सांगितलं. मोजायच्या आधी वरचे सगळे आकडे त्या पट्टीने झाकायचे. काल किती लिहिलं ते डोळ्यांना दिसू द्यायचं नाही, नाही तर डोळा कालच्याच आकड्याकडे ओढला जातो. साहेबांचा कडक नियम होता.

"तुम्ही नेहमी झाकायचात?"

"अर्थात," मी म्हटलं.

एकोणीस नोव्हेंबरच्या काचेबद्दल तिने मुद्दाम विचारलं. मी म्हटलं, बाई गं, हजारो काचा मोजल्या, एकेक कशी आठवेल. खरंच काही आठवत नाही. मी तेव्हा निळं स्वेटर घातलं होतं, खिडकीचं कडी न लागणारं दार सारखं आपटत होतं आणि कोपऱ्यात त्या काचेवर अंगठ्याचा ठसा होता, एवढंच.

१७ जानेवारी

पट्टी कुणीच रोज वापरायचं नाही. ती सैल होती, घसरायची. शिवाय काल पंचवीस असताना आज एकदम भलतंच दिसलं तर माणूस खात्री करायला मागे बघणारच. निष्काळजी माणूस बघणार नाही. मी काळजीपूर्वक काम करायचे म्हणून बघायचे.

हे झुलपेवालीला सांगायची गरज नाही. तिला कळणार नाही, तिने आयुष्यात पेन्सिलने काही मोजलेलं नाही.

२४ जानेवारी

झुलपेवालीने तोडगा काढला आहे. त्याच दीर्घिकेच्या नंतरच्या वर्षांच्या बारा काचा शाबूत आहेत. त्या यंत्राने मोजून तिने उत्तरं बंद करून ठेवली आहेत. आम्ही दोघींनी त्या जुन्या पद्धतीने पुन्हा मोजायच्या. जिचे डोळे बरोबर निघतील तिची वही धरायची.

मी तयार आहे. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला त्यामुळे मला आता शेजारच्या इमारतीतल्या बाईच्या कानातलंही दिसतं.

धाकटी येणार नाही. तिने झुलपेवालीला सांगितलं, "माझं काय बघता, ताईचंच घ्या. ती चुकत नाही." काय मोठेपणा. स्पर्धा न करताच तोऱ्यात वर जाऊन बसायचं. हरली असती तर हरलेली दिसली असती, आता उदार दिसतेय. झुलपेवाली मला सांगताना म्हणाली, किती गोड आहेत ना मावशी. मी म्हटलं, साखरेचा त्रास असणाऱ्यांनी जपून राहावं.

२ फेब्रुवारी

आज परीक्षा झाली. सकाळी साडेनऊला मला भिंगापुढे बसवलं. तेरा वर्षांनी. भिंगाची रबराची कड कपाळाला लागली आणि हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. काचेवर सगळं उलटं असतं, आकाश पांढरं आणि तारे काळे. मध्ये ती, बाहू पसरून. मी तिला जवळजवळ नमस्कारच केला.

वही नव्हती, फक्त सुट्या चिठ्ठ्या. एक काच, एक चिठ्ठी, चिठ्ठी लगेच डब्यात. मागे बघायला काही नव्हतंच. पहिली सव्वीस. दुसरी चौतीस. चौतीस लिहिताना हात अडला. वाटलं, दम घेऊन पुन्हा बघावं, पण ठिपका तिथे होताच, तीसच्या ताऱ्याहून स्पष्ट गडद. लिहिलं. तिसरी बावीस. चौथी सदतीस. बारा काचांना साडेतीन तास लागले.

झुलपेवालीने चिठ्ठ्या घेऊन यंत्राच्या आकड्यांशी लावल्या. मग खुर्ची मागे सरकवून माझ्याकडे बघत राहिली. बारापैकी अकरा एकाच्या फरकाने बरोबर, बारावी दोनाच्या. तिने दुसऱ्या दोघांना बोलावून आणलं, त्यांनी माझ्याशी हात मिळवले. चौतीस वर्षांत त्या इमारतीत माझ्याशी कुणी हात मिळवला नव्हता.

"मॅडम, तुमचे डोळे म्हणजे यंत्र आहेत," ती म्हणाली. "आता प्रश्नच मिटला."

माझी वही धरणार. म्हणजे एकेचाळीस वर्षांपूर्वी केंद्र झोपलेलं होतं आणि त्यानंतर जागं झालं, असा निबंध ती लिहिणार. दुसऱ्या वहीचा उल्लेख तळटीपेत, अविश्वसनीय मोजणी म्हणून. माझं नाव निबंधात, आणि मार्चमध्ये वेधशाळेत व्याख्यान ठेवतील, तेव्हा मी पहिल्या रांगेत.

घरी येताना रिक्षा केली.

३ फेब्रुवारी

चौतीस. सदतीस. माझ्याच हाताने.

जेवण केलं नाही. चहावर भागवलं.

५ फेब्रुवारी

शाळेत माझ्या वर्गातल्या ख्रिश्चन मुली शनिवारी रांगेने त्या लाकडी खोक्यात जायच्या आणि पापं सांगून हलक्या होऊन, खिदळत बाहेर यायच्या. मला त्यांचा भयंकर हेवा वाटायचा. मी मदरना विचारलं होतं, मला जाता येईल का? त्या म्हणाल्या, तुझं असं काय आहे सांगण्यासारखं, तू तर वर्गातली सगळ्यात नीटनेटकी मुलगी.

आज हे का आठवलं कोण जाणे.

९ फेब्रुवारी

धाकटी आली. मोठा पुष्पगुच्छ, हातभर लांब, आणि वर एक कार्ड, तिच्या त्या कोंबडीच्या अक्षरात. माझ्या बैठकीच्या खोलीत ठेवायला फुलदाणी नाही हे तिला माहीत, म्हणून फुलदाणीसुद्धा घेऊन आली. अशी आहे ती. माणसाला चिडायला फट ठेवत नाही.

तिने मला मिठी मारली. सगळ्यांना सांगून आली म्हणे, माझ्या लेकीला, शेजाऱ्यांना, जुन्या दालनातल्या मैत्रिणींना. माझी ताई पास झाली. मी म्हटलं, अगं, तळटीपेत तुझी वही अविश्वसनीय म्हणून जाणार आहे, कळतंय का तुला? ती म्हणाली, कळतंय की.

मग फुलं लावता लावता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "खरं सांगू, ताई? मला आत कुठे तरी वाटायचं की मला बरोबरच दिसत होतं. इतकी वर्षं वाटायचं. वेडगळासारखं. आता बरं झालं, एकदाचं सुटले त्यातून."

आणि वळून हसली. ते हसू खोटं असतं तर मी ते सहन केलं असतं. ती खरंच माझ्यासाठी आनंदात होती.

ती गेल्यावर मला असा राग आला की फुलदाणी उचलून गॅलरीत ठेवली. इतक्या वर्षांत एकदा, एकदाच, मी तिच्यापुढे गेले, तर त्या जिंकण्यावरही तिने येऊन स्वतःचा चांगुलपणा पसरून ठेवला. आता लोक काय म्हणतील? ताईचे डोळे चांगले, पण मन बघावं तर धाकटीचं. चांगुलपणाचा मक्ता काय तिने एकटीने घेतलाय?

१० फेब्रुवारी

पत्र लिहिलं. झुलपेवालीला. फोनवर सांगितलं असतं तर ती मध्येच काही तरी गोड बोलली असती.

लिहिलं की परीक्षेत माझ्यापुढे मागचे आकडे नव्हते, वहीत होते. पट्टी मी उचलायचे. रोज. आधी कालचा आकडा बघायचा, मग काच, आणि मग कालच्या जवळचं काही तरी लिहायचं. साहेबांना इस्त्री आवडायची. तेव्हा परीक्षेतल्या माझ्या डोळ्यांवरून माझ्या वहीची परीक्षा होत नाही. माझी वही टाकून द्यावी. दुसऱ्या बाई पट्टी उचलायच्या नाहीत हे मला माहीत आहे, कारण मी त्यांना त्यावरून हसायचे.

सही केली, पाकीट स्वतः नेऊन वेधशाळेच्या स्वागतकक्षात दिलं आणि पोच घेतली. येताना वाटत होतं, आता धाकटीला कळेल मोठेपणा कुणाला म्हणतात. तिचा आपला फुलांवर भागतो.

१३ फेब्रुवारी

झुलपेवालीचा फोन. मी कुठल्याही बोलण्याची तयारी करून बसले होते. ती रागावली नाही, दुखावली नाही, ती आनंदात होती. मी स्वतःची एवढी लाज काढून पत्र लिहिलं आणि हिला कृष्णविवराचा आनंद. धाकटीच्या वहीप्रमाणे केंद्र तेव्हाही जागं होतं. नोव्हेंबरात भडकलं, जानेवारीपर्यंत उतरलं, अगदी आता भडकतं तसंच. एकेचाळीस वर्षांपूर्वीची एवढी नीट नोंद कुणाकडे नाही म्हणे. पहिल्या रांगेत आता धाकटी.

हे मी ओढवून घेतलं आहे हे मला कळतं. तरी पोटात दुखलं ते दुखलंच.

मग तिने विचारलं, मावशींना तुम्ही सांगाल की मी सांगू? मी म्हटलं, तू सांग. तुझं संशोधन आहे.

१४ फेब्रुवारी

धाकटीचा फोन नाही. रडत असेल आनंदाने. येईल उद्या. येऊन म्हणेल, जाऊ दे गं ताई, झालं गेलं. मी उत्तर तयार ठेवलं आहे. म्हणणार, मला तुझी माफी नको, मी ती मागितलेली नाही.

१७ फेब्रुवारी

फोन नाही.

२१ फेब्रुवारी

लेकीचा फोन आला. आधी मला केला, मावशीला नाही, तर का, तर मावशी तिच्याशी बोलेना. "आई, तू काय केलंस तिला?" थेट असं. मी म्हटलं, मी तिची वही खरी ठरवली. लेक म्हणाली, मग ती दार का उघडत नाहीये?

मला काय माहीत. सरळ साधी गोष्ट आहे. जिचं नाव घालवलं होतं तिचं नाव परत मिळालं. माणसाने नाचावं.

सकाळी मी गॅलरीतून तिच्या गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. ती भाजी घेऊन जाताना दिसली. मी हात केला. तिने वर बघितलं आणि पुढे गेली. तिला दिसले नसेन असं म्हणायची सोय आता राहिली नाही.

२४ फेब्रुवारी

आज धाकटी आली. घंटा वाजवली, पूर्वी कधी वाजवत नसे, किल्ली आहे तिच्याकडे. पदर खोचलेला, हातात पिशवी नाही, काही नाही. खुर्चीच्या कडेवर बसली. चहा नको म्हणाली. पाणीही नको.

मी तयार ठेवलेलं उत्तर सांगायची वेळच आली नाही, कारण ती माफ करायला आलेलीच नव्हती.

तिने सांगितलं, हळूहळू, जमिनीकडे बघत. मुलगा लहान असताना त्याला ताप आला की ती थर्मामीटर लावायची आणि मग तो घेऊन शेजारणीचं दार वाजवायची. बघा हो, एकशे दोनच आहे ना? शेजारीण बघून सांगायची, एकशे दोनच. प्रत्येक वेळी तिला बरोबर दिसलेलं असायचं आणि प्रत्येक वेळी ती जायची. नवरा म्हणायचा, दुसऱ्याला दाखवून घे, तुझं काही सांगता येत नाही. दालनात पोरांना सगळं सांगायची, पण एखाद्या पोराने विचारलं की बाई, तुम्ही स्वतः बघितलंय का, तर म्हणायची, नाही रे, माझे डोळे त्या कामाचे नाहीत. पोरं हसायची. तीस वर्षं तिने हे विनोद म्हणून सांगितलं.

मी इकडून ते हसणं ऐकत होते.

मग तिने वर बघितलं. "पत्रात तू लिहिलंस की मागचा आकडा बघायची सवय होती. बरं, सवय. आता मला एक सांग. एकोणीस नोव्हेंबरच्या काचेवर तुला किती दिसला होता? लिहिलास तो नको. दिसला तो."

आठवत नाही, हे शब्द जिभेवर आले होते. झुलपेवालीला मी तेच सांगितलं होतं. धाकटी माझ्याकडे अशी बघत होती, जशी पूर्वी भिंगात बघायची, श्वास रोखून.

"अडतीस," मी म्हटलं. "एकोणचाळीससुद्धा असेल. चाळीसच्या ताऱ्याला जवळजवळ गाठलं होतं त्याने. मी दोनदा बघितलं. मग पट्टी उचलली, वर पंचवीस होतं, म्हणून सव्वीस लिहिलं."

"आणि दुपारी साहेबांनी दोन्ही वह्या समोर ठेवून मला विचारलं, बाई, तुम्हाला एकाचे दोन दिसतात की काय. तेव्हा तू तिथेच होतीस."

"होते."

"काय करत होतीस?"

"पेन्सिलीला टोक."

ती रडली नाही. मला वाटलं होतं ती रडली तर मी तिच्या पाठीवरून हात फिरवीन, मोठी बहीण आहे, तेवढा हक्क आहे. तिने तो दिला नाही. मी म्हटलं, साहेबांना तुझ्याबद्दल आधीच फार वाटायचं, सारखं म्हणायचे धाकटी चटपटीत आहे, नवीन दुर्बिणीवर तिला घेऊ या. हे मी का सांगितलं माहीत नाही. ती म्हणाली, हे मला माहीत नव्हतं. आणि उठली.

दारात चपला घालताना ती थांबली. भिंतीला हात टेकवून, एक पाय चपलेत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकोणचाळीस नव्हता, ताई. अडतीसच होता."

आणि गेली. जिना उतरताना तिने कठडा धरला नाही, मी वरून बघितलं.

मी टेबलाशी बसून झुलपेवालीला दुसरं पत्र लिहिलं. पहिल्यात मुख्य तेच राहून गेलं होतं. लिहिलं की एकोणीस नोव्हेंबरला तो ठिपका मलाही भडकलेला दिसला होता, मी तो बघून सव्वीस लिहिला, आणि माझ्या बहिणीला बोल लागला तेव्हा मी गप्प बसले. दिसलेला आकडा अडतीस.

मग खाली आणखी एक ओळ घातली, कारण नियम तो नियम: हा आकडा आज मी बहिणीचं ऐकून लिहीत आहे.